खरे दगड, उसने अवशेष

इंग्लंडमध्ये विंडसरच्या विस्तीर्ण राजउद्यानाच्या दक्षिणेला व्हर्जिनिया वॉटर नावाचा तलाव आहे. त्याच्या काठाकाठाने चालत गेलं की एका ठिकाणी झाडी मागे सरते आणि समोर रोमन खांबांच्या रांगा उभ्या दिसतात. काही खांब ग्रॅनाइटचे, काही संगमरवराचे. काहींच्या माथ्यावर कोरीव शीर्षं आणि त्यांवर पेललेल्या आडव्या शिळा, तर काहींचे नुसतेच बोडके सोट. गवतात इकडेतिकडे तुकडे पडलेले. ही सगळी मांडणी पुढे एका पुलाच्या कमानीखालून पलीकडे जाते आणि पुलावरून मोटारींची ये-जा चालू असते. पाटी न वाचता कुणी आला तर त्याला वाटेल, इथे रोमन काळात मोठं देऊळ असावं. ब्रिटनवर रोमनांचं साडेतीनशेहून अधिक वर्षं राज्य होतं, तेव्हा असा समज होण्यात काही वावगं नाही. पण या जागी रोमन देऊळ कधीच नव्हतं. हे दगड आजच्या लिबियातल्या लेप्टिस मॅग्ना या समुद्रकाठच्या शहरातून जहाजाने आणले गेले आणि १८२६-२७ मध्ये राजा चौथा जॉर्ज याच्या हौसेखातर इथे रचले गेले. कोणता खांब पूर्ण दिसावा, कोणता अर्धवट आणि कोणता तुकडा गवतात 'पडलेला' असावा, हेही ठरवून केलेलं आहे.

या बांधकामाबद्दल साधारणपणे दोन सूर ऐकू येतात. एक कौतुकाचा: किती रम्य जागा, किती कल्पक मांडणी. दुसरा संतापाचा: ही लूट आहे, दगड ज्यांचे त्यांना परत द्या. दोन्हींत तथ्य आहे, पण दोन्ही सूर एका गोष्टीवरून पुढे सरकतात आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या वास्तूचे सुटे भाग आणून त्यांची सजावट केली की ज्या गुणासाठी ते भाग आणले, तो त्यांचा अस्सलपणाच त्या कामात खर्ची पडतो. दगड जुनाच राहतो, पण तो कुठला, कोणत्या इमारतीतला, कोणाच्या शेजारी उभा होता, हे सांगण्याची त्याची ताकद जाते. मालकीचा वाद दोनशे वर्षांनीही सोडवता येईल. गेलेली साक्ष परत मिळवता येत नाही.

अशा बांधकामांना 'फॉली' म्हणतात. बागेत फिरताना नजर कुठेतरी ठरावी आणि मनात चार विचार यावेत एवढ्यासाठीच उभारलेली हौसेची इमारत म्हणजे फॉली. अठराव्या शतकात इंग्रज जमीनदारांनी फ्रेंच धाटणीचे रेखीव ताटवे मोडून 'नैसर्गिक' दिसणाऱ्या बागा करायला घेतल्या. त्यासाठी तलाव खोदले, टेकड्या रचल्या, नको तिथली खेडी हलवली. व्हर्जिनिया वॉटर हाही असाच मानवनिर्मित तलाव, ड्यूक ऑफ कंबरलंडच्या काळात बांध घालून केलेला. इटलीचा दौरा करून आलेल्या आणि तिथल्या भग्न देवळांची चित्रं दिवाणखान्यात टांगणाऱ्या या मंडळींना बागेतही पडझड हवीशी वाटू लागली. घरची पडझड नसली तर ती बांधून घ्यायची. लंडनच्या क्यू बागेत विल्यम चेंबर्सने १७५९ च्या सुमारास विटांची एक नवीकोरी भग्न कमान उभारली, ती आजही आहे. भिंत पडू तर द्यायची नाही, पण पडल्यासारखी मात्र दिसली पाहिजे, हे गवंड्याच्या कसोटीचं काम असणार.

पण नकली पडझडीत एक अडचण होती. जाणकार पाहुणा जवळ गेला की वीट नवी आहे हे त्याच्या लगेच लक्षात येई. म्हणून ज्यांना परवडत होतं त्यांनी खऱ्या जुन्या इमारतींचे भाग मिळवले. वूस्टरशरमधल्या हॅग्ली इथे सँडरसन मिलर याने पडका किल्ला बांधला, त्यात हेल्सोवेनच्या मोडकळीला आलेल्या मठाच्या खिडक्या बसवल्या. व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्याच्या बागेत १७७८ मध्ये 'रोमन अवशेष' उभे राहिले. त्यांतले बरेच दगड रोमन नव्हतेच. जवळच्याच नॉयगेबॉयडे या सोळाव्या शतकातल्या महालातून ते काढून आणले होते. म्हणजे एका खऱ्या इमारतीचे लचके तोडून दुसऱ्याच काळाची खोटी इमारत सजवली. गंमत अशी की या बनावट रोमला सुरुवातीला कार्थेजचं नाव दिलं होतं. काळ कोणता, शहर कोणतं, याच्याशी कुणाला फारसं देणंघेणं नव्हतं. हवा होता तो दगडावरचा जुनेपणा.

याची किंमत काय पडते हे हेरफर्डशरमधल्या शॉबडन गावात सर्वांत स्पष्ट दिसतं. तिथे बाराव्या शतकातलं एक छोटं चर्च होतं. त्याच्या दारांवर आणि आतल्या कमानीवर त्या प्रदेशातल्या कारागिरांनी वेली, प्राणी, माणसं यांचं अत्यंत बारीक कोरीवकाम केलेलं होतं. अठराव्या शतकाच्या मध्याला तिथल्या बेटमन घराण्याला नव्या धाटणीचं चर्च हवं झालं. जुनं पाडलं, १७५६ मध्ये नवं पूर्ण झालं. पाडताना कोरीव कमान आणि दोन दरवाजे मात्र जपून काढले आणि वाड्यासमोरच्या चढावर, दुरून दिसतील असे, उघड्यावर उभे केले. त्यांना ते आवडले म्हणूनच तर टाकून दिले नाहीत. पण जे काम सहाशे वर्षं छपराच्या आणि भिंतीच्या आडोशाला होतं, ते आता पाऊस, दहिवर आणि वाऱ्याच्या तोंडी आलं. १८५० च्या सुमारास त्याचे साचे घेतले गेले आणि चित्रं काढली गेली. ती चित्रं आणि आजची कमान शेजारी ठेवली तर दिसतं की चेहऱ्यांच्या जागी आता नुसते उंचवटे उरले आहेत. नासधूस करण्याचा हेतू कुणाचाच नव्हता. कौतुकानेच ते काम झिजवलं.

लेप्टिसची गोष्ट याहून मोठी आहे आणि तिच्यात राजकारणही आहे. त्रिपोलीच्या पूर्वेला सुमारे सव्वाशे किलोमीटरवर हे शहर फिनिशियन व्यापाऱ्यांनी वसवलं. पुढे ते रोमन साम्राज्यात आलं आणि ऑलिव्ह तेलाच्या व्यापारावर गबर झालं. इ.स. १४५ मध्ये इथे जन्मलेला सेप्टिमियस सेव्हेरस १९३ मध्ये रोमचा सम्राट झाला. त्याने आपल्या गावावर अक्षरशः संगमरवर ओतला: नवा चौक, भव्य सभागृह, खांबांचा दुतर्फा रस्ता, बंदर, चौमुखी कमान. त्यासाठी लाल ग्रॅनाइट इजिप्तमधल्या अस्वानहून आला, हिरवट रेघांचा संगमरवर ग्रीसच्या युबिया बेटावरून. हाच सम्राट २११ मध्ये मोहिमेवर असताना मेला तो इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात. त्याच्या गावचे दगड सोळाशे वर्षांनी त्याच देशात यावेत हा निव्वळ योगायोग, पण उद्यानात येणाऱ्याला तो सांगण्यासारखा आहे.

साम्राज्य विस्कटल्यावर शहर ओस पडत गेलं आणि किनाऱ्यावरची वाळू त्याच्यावर चढली. ही वाळू या शहराची सर्वांत मोठी राखणदार ठरली. जे वर राहिलं ते मात्र सोडलं गेलं नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्रिपोलीतला फ्रेंच वकील क्लोद लमेर याने शेकड्यांनी खांब फ्रान्सला धाडले. ते व्हर्सायच्या राजवाड्यात आणि पॅरिसच्या साँ-जर्मेन-दे-प्रे चर्चमध्ये लागले. तेव्हा इंग्रज या कामात पहिले नव्हते, फक्त उशिरा जागे झाले होते.

ते जागे झाले १८१६ मध्ये. त्रिपोलीतला ब्रिटिश वकील कर्नल हॅन्मर वॉरिंग्टन याने तिथला पाशा युसूफ करामानली याच्याकडे लेप्टिसच्या अवशेषांविषयी बोलणी केली आणि पाशाने ते इंग्लंडच्या युवराजाला नजर केले. हा युवराज म्हणजेच पुढचा चौथा जॉर्ज. वर्ष लक्षात ठेवण्यासारखं आहे. याच वर्षी ब्रिटिश संसदेने लॉर्ड एल्गिनने अथेन्सहून उचललेली पार्थेनॉनची शिल्पं ३५,००० पौंडांना विकत घेतली. याच वर्षाच्या वसंतात लॉर्ड एक्समाउथचं ब्रिटिश आरमार गुलामांच्या सुटकेची मागणी घेऊन ट्युनिस आणि त्रिपोलीच्या बंदरांत येऊन गेलं आणि ऑगस्टमध्ये त्याने अल्जियर्सवर तोफा डागल्या. पाशाने दिलेली भेट कोणत्या वातावरणात दिली गेली हे समजायला एवढं पुरे.

भेट मिळाली ती कागदावर. जागेवर काम करायला नौदलातला अधिकारी विल्यम हेन्री स्मिथ गेला. १८१६ मध्ये त्याने पाहणी केली आणि १८१७ च्या आरंभी खोदकामाला परत आला, तेव्हा आधी धड पाहिलेले कितीतरी खांब त्याला फोडलेले आढळले. ऑलिव्ह भरडायच्या घाण्यांसाठी, जात्यांसाठी आसपासच्या लोकांना असा दगड लागे. परके येऊन तो नेणार हे त्यांना मुळीच रुचलेलं नव्हतं. शिवाय स्मिथला सापडलेली शिल्पंही पसंत पडली नाहीत. ग्रीक कलेच्या मोजपट्टीने तो ती मोजत होता आणि ती त्याला उतरत्या काळाची वाटली. तरीही जे जमलं ते 'वेमथ' या मालवाहू जहाजावर चढवलं गेलं: ग्रॅनाइटचे २२ खांब, संगमरवराचे १५, १० शीर्षं, २५ बैठका, १० नक्षीदार कंगोऱ्याचे तुकडे, ५ लेख कोरलेल्या शिळा आणि शिल्पांचे काही भाग. तीन प्रचंड खांब जहाजावर चढेनात. ते समुद्रकाठच्या वाळूत सोडून दिले. आजही ते तिथेच आहेत.

१८१८ मध्ये माल इंग्लंडला पोचला आणि पंचाईत झाली, याचं करायचं काय? ब्रिटिश म्युझियमच्या आवारात तो उतरवला गेला आणि पुढची आठ वर्षं बहुतांश तिथेच पडून राहिला. ज्या संस्थेने दोनच वर्षांपूर्वी पार्थेनॉनची शिल्पं आत घेतली, तिला या खांबांचं फारसं अप्रूप नव्हतं. शेवटी ते राजाच्या बागेकडे वळले. या काळात विंडसरचं सगळं बांधकाम जेफ्री वायटव्हिल याच्याकडे होतं. मूळचा हा जेफ्री वायट. १८२४ मध्ये राजाच्या परवानगीने त्याने आपलं आडनाव वाढवून वायटव्हिल केलं. विंडसरचा किल्लाही त्याने आणखी जुना, आणखी मध्ययुगीन दिसेल असा करून टाकला. दगड असो की आडनाव, त्यावर जुनेपणाचा मुलामा चढवण्यात हा माणूस तरबेज होता.

वायटव्हिलने तलावाजवळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना जागा निवडली. मध्ये रस्ता आडवा येत होता, तर त्याचा पूल करून अवशेषांची वाट त्याच्या कमानीखालून नेली. इकडून तिकडे जाताना खांबांची रांग कमानीच्या चौकटीत दिसावी, ही कल्पना खरोखर सुंदर आहे. त्याबद्दल त्याला दाद द्यायलाच हवी. या सगळ्याला 'ऑगस्टसचं मंदिर' असं नाव दिलं गेलं. ऑगस्टसचा या दगडांशी संबंध नाही. सेव्हेरस त्याच्यानंतर दोनशे वर्षांनी आला. तिथे मंदिराचा आराखडाही नाही, कारण मूळच्या कुठल्या एका इमारतीचे हे भाग नाहीतच. जे खांब जहाजावर चढवता आले ते आले. चौकातले, सभागृहातले, आणखी कुठले, असे वेगवेगळे तुकडे चित्रात शोभतील त्या क्रमाने लावले. कोणता खांब कुठून उचलला याची आजच्या पद्धतीची नोंद ठेवण्याची तेव्हा चालच नव्हती. खांबांच्या मधोमध मांडलेल्या शिल्पांचीही पुढे मोडतोड झाली आणि ती हलवावी लागली. नंतरच्या काळात खांब कलले, धोक्याच्या पाट्या आणि कुंपण आलं. अलीकडे, एकविसाव्या शतकात, डागडुजी करून ते पुन्हा सरळ केले गेले. म्हणजे पडके दिसावेत म्हणून उभारलेले अवशेष पुढे खरोखरच पडायला आले आणि ते पडके दिसत राहावेत म्हणून दुरुस्त करावे लागले.

सजावटीत जुन्या दगडाची साक्ष जाते, या माझ्या मतावर पहिला आक्षेप असा येईल की दगडांचा पुनर्वापर जगात सगळीकडे आणि सर्व काळांत झाला आहे. रोमच्या चर्चमध्ये देवळांचे खांब आहेत, कॉन्स्टंटाइनच्या कमानीवर आधीच्या सम्राटांची शिल्पं आहेत आणि सेव्हेरसनेही आपल्या गावासाठी इजिप्तचा दगड आणलाच होता. मग वायटव्हिललाच दोष का द्यायचा? आक्षेप वजनदार आहे, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. सेव्हेरसने खाणीतून दगड काढून इमारती बांधल्या. त्याने इजिप्तमधली एखादी इमारत उतरवून आणली नाही. चर्च बांधणाऱ्यांनी जुने खांब घेतले ते छत पेलायला. लिबियातल्या शेतकऱ्याने खांब फोडला तो तेल काढायला. या सर्वांनी जुनं मोडलं, पण त्यातून जे केलं ते काय आहे हे लपवलं नाही. जातं आपण रोमन चौक असल्याची बतावणी करत नाही. फॉलीचं उभं राहणंच त्या बतावणीवर आहे. जुना दगड वापरायचा आणि वर तो इथलाच, असाच पडलेला आहे असा देखावा करायचा, हे तिचं वेगळेपण. या देखाव्यानेच आपण खऱ्या जागेविषयी प्रश्न विचारायचं विसरतो.

दुसरा आक्षेप याच्या उलट्या बाजूने येतो: मग वास्तू हलवूच नयेत की काय? हलवाव्यात, गरज पडली तर नक्की हलवाव्यात. नाईलवरच्या धरणात बुडणार म्हणून १९६४ ते १९६८ या काळात अबू सिंबेलची देवळं कापून सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जोडली गेली. आपल्याकडे नागार्जुनसागर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे बौद्ध अवशेष टेकडीवर, जे आता बेट झालं आहे, नेऊन पुन्हा रचले गेले. हे फॉलीहून वेगळं का ठरतं? कारण तिथे आधी खणलं, मोजलं, प्रत्येक भागाला क्रमांक दिला, आणि रचना मूळची कायम ठेवली. दगड हलला तरी त्याचे शेजारी त्याच्याबरोबर हलले. मूळ जागा पाण्याखाली गेली तरी ती कशी होती हे लिहून ठेवलेलं आहे. वास्तू जागा बदलूनही साक्ष देत राहू शकते. तिची ओळ विस्कटली, क्रमांक हरवले की मग कुणालाही काही सांगता येत नाही.

तिसरा युक्तिवाद बचावाचा: हे खांब आणले नसते तर त्यांची जाती झाली असती. स्मिथने पाहिलेली तोडफोड खरी होती, त्यामुळे हे सरसकट नाकारता येत नाही. उघड्यावर असलेले काही खांब नक्कीच गेले असते. पण किनाऱ्यावर टाकून दिलेले ते तीन खांब बघा. कुणी राखण न करता, समुद्राच्या खाऱ्या हवेत ते दोनशेहून अधिक वर्षं टिकून आहेत. आणि वाळूखाली जे होतं ते किती सुखरूप होतं, हे १९२० नंतर इटालियन पुरातत्त्वज्ञांनी खोदायला घेतलं तेव्हा उघड झालं. सेव्हेरसचा चौक, सभागृह, नाट्यगृह इतक्या चांगल्या अवस्थेत निघाले की १९८२ मध्ये युनेस्कोने लेप्टिसला जागतिक वारसा ठरवलं. इटालियनांचं ते खोदकामही वसाहतवादी राजवटीच्या प्रचाराचा भाग होतं, हे इथे नमूद करायला हवं. तरी त्यांनी जागेवरच्या वस्तू बहुतांश जागेवर ठेवल्या, म्हणून आज शहराचा नकाशा वाचता येतो. आता लिबियातल्या अस्थिरतेमुळे २०१६ मध्ये युनेस्कोने या स्थळाला धोक्यातल्या वारशांच्या यादीत टाकलं, तेव्हा बचाववाल्यांना पुन्हा जोर चढेल. पण आजच्या धोक्याचं कारण देऊन १८१७ ची उचलाउचल योग्य ठरत नाही. तेव्हा कुणी वाचवायला म्हणून गेलं नव्हतं. वाचवलेली वस्तू आठ वर्षं आवारात पडून राहत नाही.

पाशाने दिलं होतं, हा चौथा मुद्दा कायद्याच्या भाषेत सर्वांत भक्कम दिसतो. सत्ताधीशाने भेट दिली, घेणाऱ्याने घेतली, व्यवहार संपला. करामानली घराण्याने १७११ पासून त्रिपोलीवर राज्य केलं, वरची सत्ता उस्मानी सुलतानाची. तेव्हा देणाऱ्याच्या अधिकाराचा कीस काढता येईल. तो वकिलांनी काढावा. मला त्याहून बोलका पुरावा वाटतो तो त्या परिसरातल्या लोकांच्या वागण्याचा. ज्यांच्या अंगणात हे दगड होते, त्यांना कुणी विचारलं नाही. त्यांनी आपलं उत्तर घणाने दिलं.

हा प्रकार फक्त राजांच्या बागांत झाला असं समजण्याचं कारण नाही. आंध्रमधल्या अमरावतीच्या स्तूपाचं उदाहरण आपल्या घरचं आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या जमीनदाराची माणसं बांधकामासाठी त्या टेकाडातून कोरीव शिळा काढत होती. त्याची बातमी लागून कर्नल कॉलिन मॅकेन्झी तिथे पोचला आणि १८१६ मध्ये परत येऊन त्याने नकाशे आणि चित्रं करवून घेतली. पुढे १८३० च्या सुमारास मच्छलीपट्टणच्या रॉबर्टसन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तीसेक शिळा उचलून नव्या बाजारपेठेच्या चौकात एका चबुतऱ्याभोवती शोभेसाठी लावल्या. बुद्धाच्या जीवनातले प्रसंग बाजाराच्या मधोमध, त्यांच्या क्रमातून तुटून. आज अमरावतीच्या शिळा मुख्यतः चेन्नई आणि लंडनच्या संग्रहालयांत वाटल्या गेल्या आहेत, आणि स्तूप मुळात कसा दिसत होता हे ठरवायला अभ्यासकांना सर्वांत जास्त आधार घ्यावा लागतो तो मॅकेन्झीच्या कागदांचा. कागदाने जे राखलं ते दगडाला राखता आलं नाही, एवढं हे उदाहरण स्वच्छ आहे.

राहिला शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत अवघड आक्षेप. व्हर्जिनिया वॉटरची फॉली आता स्वतःच दोनशे वर्षांची झाली आहे. ती एका काळाची आवड, एका साम्राज्याची ऐट, एका कुशल वास्तुतज्ज्ञाचं काम दाखवते. ती मोडून दगड लिबियाला धाडले तर आपणही एक ऐतिहासिक वास्तू मोडू आणि लेप्टिसमध्ये ते खांब नेमके कुठे बसवायचे हे तरी कुणाला माहीत आहे? गेल्या काही वर्षांत लिबियाच्या वतीने परतीची मागणी पुढे आली, तेव्हापासून हा प्रश्न केवळ तात्त्विक राहिलेला नाही. पण नीट पाहिलं तर हा आक्षेपच माझं म्हणणं सिद्ध करतो. खांबांची मूळ जागा माहीत नाही, कारण ती माहिती हे बांधकाम करतानाच हरवली. ज्याने नुकसान केलं त्यालाच त्या नुकसानीचा फायदा द्यायचा, हा न्याय विचित्र आहे. आणि फॉलीचं सौंदर्य जर वायटव्हिलच्या मांडणीत असेल, तर ती मांडणी प्रतिकृतींनीही जपता येईल. क्यूची विटांची कमान अडीचशे वर्षं लोकांना आवडतेच आहे. प्रतिकृतींनी काम भागणार नाही असं म्हणायचं असेल, तर मग कबूल करावं लागेल की या जागेची सगळी मोहिनी लेप्टिसच्या अस्सलपणाची आहे, विंडसरची नाही.

म्हणून माझं मत असं: लेख कोरलेल्या शिळा, नक्षीचे तुकडे, शीर्षं, ज्यांच्या खुणांवरून मूळ इमारत ओळखता येण्याची काही शक्यता आहे, त्यांचा दगडाच्या खाणीपर्यंत शोध घ्यावा, लेप्टिसमधल्या बैठकांशी मापं जुळवावीत आणि जे जुळेल ते स्थळ सुरक्षित होताच परत जावं. जे कशाशीच जुळणार नाही ते राहिलं तरी हरकत नाही, पण 'ऑगस्टसचं मंदिर' म्हणून नव्हे. त्याच्या पाटीवर पाशा, आरमार, वेमथ जहाज आणि आवारातली आठ वर्षं हे सगळं यायला हवं.

आणि हे वाचणाऱ्यांना एक विनंती, कारण आपल्याकडेही हाच उद्योग जोरात आहे. गावोगावचे वाडे उतरवले जात आहेत. त्यांचे सुरूचे खांब, गणेशपट्टी असलेले दरवाजे, कोरीव तुळया जुन्या बाजारातून शहरातल्या हॉटेलांत, रिसॉर्टात आणि फार्महाऊसच्या अंगणांत जाऊन लागत आहेत. वाडा राखणं प्रत्येक घराला जमेलच असं नाही, भावकीचे वाद असतात, पैसा नसतो, हे मान्य. पण उतरवण्यापूर्वी एक दिवस काढून चारी बाजूंनी आणि प्रत्येक खणाचे फोटो घ्या, जमिनीचा साधा नकाशा मापांसह कागदावर काढा, खांबांवर आणि तुळयांवर क्रमांक घाला. गाव, घराणं, बांधल्याचं साल माहीत असेल तर लिहा. एक प्रत स्वतःकडे ठेवा, एक गावच्या वाचनालयात द्या, आणि लाकूड विकलंच तर घेणाऱ्याच्या हातात तिसरी प्रत ठेवा.